चंदेरी केस आणि ट्रॉलीची पिन

गळीत हंगाम भरात होता. सांगली-तासगाव रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली, मी एका ट्रॉलीच्या मागं अडकलेलो, आणि तेवढ्यात मोबाइल वाजला. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं तीन पानांचा रिपोर्ट पाठवला होता. तिच्या अडीच वर्षांच्या मुलाच्या जनुक तपासणीचा. घरी येऊन चष्मा लावून वाचला. मधे एक ओळ ठळक अक्षरात होती. तिचा मथितार्थ असा: रॅब-27ए या जनुकाच्या दोन्ही प्रतींत एकच बदल सापडला, तो प्रथिनाच्या 'कन्झर्व्हड डोमेन'मध्ये आहे, बदल रोगकारक.

रात्री तिचा फोन आला. "सर, रोगकारक कळलं. बाकीचंही डॉक्टरांनी सांगितलं, पण माझ्या डोक्यात काही शिरेना. कन्झर्व्हड म्हणजे जपलेलं ना? मग हे जपलं कुणी? आणि एवढं जपलेलं होतं तर माझ्याच पोरात बिघडलं कसं?"

फोनवर जमेल तसं सांगितलं. आता नीट लिहून काढतोय, कारण असा रिपोर्ट घडी घालून पिशवीत ठेवलेले आईबाप मिरजेत दवाखान्यांच्या बाकांवर मला अनेकदा दिसतात. रिपोर्टमधला सगळ्यात महत्त्वाचा शब्द त्यांना कुणी फोडून सांगितलेला नसतो.

आधी पेशीपासून सुरुवात करू. शाळेत आपण पेशीचं चित्र काढतो: बाहेर एक गोल, मधे केंद्रक, आजूबाजूला चार ठिपके. खरी पेशी इतकी मोकळी नसते. तिच्या आत पातळ पटलांच्या पिशव्याच पिशव्या असतात आणि पेशीत तयार होणारा बराचसा माल या पिशव्यांत भरूनच इकडून तिकडं जातो. स्वादुपिंडातलं इन्सुलिन, चेतापेशीतली रसायनं, केसांना काळा रंग देणारं मेलॅनिन, सगळं पिशवीबंद. नेहमीच्या मालवाहू पिशव्या इतक्या लहान असतात की हजार पिशव्या ओळीनं मांडल्या तरी लांबी जेमतेम मिलिमीटरचा दहावा हिस्सा भरेल. पिशवी एका पटलातून फुगून सुटते, योग्य ठिकाणी जाते, तिथल्या पटलाला चिकटते, त्यात मिसळते आणि माल रिकामा होतो. सुटणं, जाणं, ओळखणं, मिसळणं. ही चारही कामं प्रथिनं करतात.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ. पण ती माळ सुटी लोंबकळत नाही. तिचे भाग आपापले घड्या घालून घट्ट आकार घेतात आणि एकेका भागाला एकेक काम असतं. स्वतःची घडी आणि स्वतःचं काम असलेल्या अशा भागाला डोमेन म्हणतात. एका प्रथिनात एकच डोमेन असेल, किंवा पाच-सहाही असतील.

आता रस्त्यावरच्या त्या ट्रॅक्टरकडं या. ट्रॅक्टर लाल असो, निळा असो, हिरवा असो. इंजिन कमीजास्त ताकदीचं, टायर लहानमोठे, कुणी मडगार्डवर देवाचं नाव रंगवलेलं, कुणी टेप बसवलेला. पण मागं ट्रॉली जोडायची जागा बघा. भोक, पिन, ट्रॉलीची दांडी. पलूसची ट्रॉली तासगावच्या ट्रॅक्टरला लागते आणि कराडचा ट्रॅक्टर वाळव्याची ट्रॉली ओढतो. बाकी गाडीत मालकानं हवे ते फेरफार करावेत, पिनेचं भोक मात्र कुणी बदलत नाही. बदललं तर ट्रॉली लागणार नाही, आणि ट्रॉली लागली नाही तर तो ट्रॅक्टर हंगामात घरीच उभा.

कन्झर्व्हड डोमेन म्हणजे हे पिनेचं भोक. बाकी प्रथिन युगानुयुगं बदलत गेलं, हा भाग तसाच राहिला.

किती तसाच? यीस्ट घ्या, पावाला फुगवणारं, एका पेशीचं. त्याच्यात सेक4 नावाचं प्रथिन आहे; पिशव्या पेशीच्या कडेला नेण्याच्या कामातलं, 1987 साली ओळखलं गेलेलं. त्याच घराण्यातलं आपलं रॅब-27ए. सेक4 मध्ये एके ठिकाणी ही माळ येते: ग्लायसिन, अस्पार्टिक आम्ल, सेरिन, ग्लायसिन, व्हॅलिन, ग्लायसिन, लायसिन, सेरिन. माणसाच्या रॅब-27ए मध्ये तीच जागा वाचा: ग्लायसिन, अस्पार्टिक आम्ल, सेरिन, ग्लायसिन, व्हॅलिन, ग्लायसिन, लायसिन, थ्रिओनिन. आठांतले सात मणी जसेच्या तसे, आणि आठवा बदलला तोही सख्ख्या भावासारख्या मण्यानं. यीस्ट आणि माणूस यांची वाट फुटून अब्जाहून जास्त वर्षं झाली. तेवढ्या काळात डोंगर झिजून सपाट होतात. हे मणी जवळपास तसेच राहिले, कारण याच वळणात जीटीपी नावाचा रेणू पकडला जातो आणि तो पकडला की रॅब प्रथिन 'चालू' होतं. खोबणीतला मणी चुकला की पकड जाते.

असाच एक पुरावा प्रयोगशाळेतून आला. अमेरिकेत रँडी शेकमन यीस्टवर काम करत होते. पिशव्यांची वाहतूक अडकलेले यीस्ट शोधून त्यांनी 1980 पर्यंत अशी 23 जनुकं वेगळी काढली. जेम्स रोथमन हॅमस्टरच्या पेशींतून पिशव्यांच्या मिसळण्याला लागणारं एक प्रथिन वेगळं करत होते. पुढं ताडून पाहिलं तर रोथमन यांचं प्रथिन आणि शेकमन यांच्या 18 क्रमांकाच्या जनुकापासून बनणारं प्रथिन, दोन्ही एकमेकांची भावंडं निघाली. यीस्टमधलं प्रथिन सस्तन प्राण्याच्या पेशीतल्या मालावर काम करत होतं. कुठला ट्रॅक्टर, कुठली ट्रॉली, पण पिन बसली. या दोघांना आणि थॉमस स्यूडोफ यांना 2013 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच वाहतुकीच्या उलगड्यासाठी.

मग 'जपलं कुणी' याचं उत्तर. कुणीच नाही. प्रती काढताना चुका सगळीकडं सारख्याच होतात, या जागीही होतात. पण इथं चूक झाली की तो जीव बहुधा टिकत नाही, म्हणून ती पुढच्या पिढ्यांत क्वचितच दिसते. हे वाक्य फोनवर तोंडातून गेलं आणि मी थांबलो. पलीकडं आई होती. जरा वेळानं तीच म्हणाली, "म्हणजे पूर्वी अशी पोरं राहायचीच नाहीत." हो, राहायची नाहीत. आता राहू शकतात. ते पुढं सांगतो.

तिच्या मुलाचे केस जन्मापासून चंदेरी. भुवया आणि पापण्यांचे केसही तसेच. घरातल्या म्हाताऱ्यांनी कौतुकानं 'चांदीचं पोर' म्हटलं. मग ताप येऊ लागला, उतरायचा, पुन्हा यायचा. पोट फुगलं, प्लीहा वाढली होती. बऱ्याच फेऱ्यांनंतर मिरजेतल्या एका तरुण डॉक्टरबाईंनी एक साधी गोष्ट केली. पोराचा एक केस घेतला, काचपट्टीवर ठेवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. मोबाइलनं काढलेला तो फोटो मी पाहिलाय. निरोगी केसात काळा रंग बारीक पिठासारखा सगळीकडं पसरलेला असतो. या केसात मधला भाग जवळजवळ कोरा आणि अधेमधे रंगाचे ओबडधोबड काळे गोळे. पीठ नीट न कालवता ओतलं की गुठळ्या राहतात, तसे.

रंग कमी झाला नव्हता. रंग तयार होत होता, पोचत नव्हता.

मेलॅनिन तयार करणाऱ्या पेशीला फांद्यांसारखे हात असतात. रंगाच्या पिशव्या त्या हातांच्या टोकापर्यंत जातात आणि तिथून केसाच्या पेशींना दिल्या जातात. टोकाशी पिशव्या धरून ठेवायला तीन प्रथिनांची साखळी लागते आणि इथं माझं ट्रॅक्टरचं उदाहरण अगदी चपखल बसतं. मायोसिन-5ए हे ओढणारं इंजिन. रॅब-27ए हे रंगाच्या पिशवीवर बसवलेलं कडं. आणि मधे मेलॅनोफिलिन नावाची दांडी, एका टोकानं कडं धरणारी, दुसऱ्या टोकानं इंजिन. तिघांपैकी कुणीही निकामी झालं तर पिशव्या हाताच्या टोकाला थांबत नाहीत, पेशीच्या मधोमध गोळा होतात. केस चंदेरी.

या आजाराला ग्रिसेली सिंड्रोम म्हणतात. क्लोद ग्रिसेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1978 मध्ये त्याचं वर्णन केलं. त्याचे तीन प्रकार आहेत आणि तिन्हींत केस सारखेच दिसतात. पण कुठला दुवा तुटला यावर पोराचं सगळं आयुष्य अवलंबून असतं.

दांडी तुटली, म्हणजे मेलॅनोफिलिन बिघडलं, तर फक्त केसांचा रंग जातो. बाकी मूल ठणठणीत. हा तिसरा प्रकार. 2003 मध्ये त्याचं कारण सापडलं तेव्हा सुमारे 600 अमिनो आम्लांच्या माळेत एकच मणी चुकला होता: 35 व्या जागी आर्जिनिनऐवजी ट्रिप्टोफॅन. आणि ती जागा नेमकी कुठली? रॅबचं कडं धरणाऱ्या डोमेनमधली. 599 मणी बरोबर होते, पण पिनेच्या भोकात खडा अडकला होता.

इंजिन बिघडलं, म्हणजे मायोसिन-5ए, तर पहिला प्रकार. हे इंजिन मेंदूतल्या पेशीही वापरतात. म्हणून केसांसोबत मुलाची वाढ, हालचाल, मेंदूचा विकास यांवर घाव बसतो.

कडं बिघडलं, रॅब-27ए, तर दुसरा प्रकार. हाच माझ्या विद्यार्थिनीच्या मुलाचा. हे कडं रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही वापरतात. विषाणू शिरलेली पेशी दिसली की मारक पेशी तिला बिलगते आणि आपल्या विषाच्या पिशव्या तिच्यावर रित्या करते. रॅब-27ए नसेल तर पिशव्या भरलेल्या असतात, पण त्या कडेच्या पटलाशी धरल्या जात नाहीत आणि उघडत नाहीत. शत्रू मरत नाही, म्हणून शरीर लढाई थांबवत नाही. आणखी पेशी बोलावल्या जातात, त्या खवळतात आणि स्वतःच्याच रक्तपेशी गिळू लागतात. ताप, वाढलेलं यकृत-प्लीहा, उतरलेलं रक्त. हे टोकाला गेलं तर जीवावर बेततं.

या कोड्याची पहिली खूण उंदरांत होती, आणि मला ती फार आवडते. उंदरांत काही फिकट वाण शास्त्रज्ञांना आधीपासूनच माहीत होते. एकाला 'फिका' म्हणायचे, एकाला 'राखी', एकाला 'शिसवट' म्हणजे शिशाच्या रंगाचा. पुढं जनुकं तपासली तेव्हा फिका म्हणजे मायोसिन-5ए चा बिघाड, राखी म्हणजे रॅब-27ए चा आणि शिसवट म्हणजे मेलॅनोफिलिनचा, असं निघालं. तीन वाण, साखळीचे तीन दुवे. माणसातलंही रॅब-27ए चं कारण 2000 साली सापडलं.

चंदेरी केसांचा आणखी एक आजार आहे, चेडियाक-हिगाशी. त्यात केसातले गोळे बारीक आणि सारख्या अंतरावर असतात, आणि रक्ताच्या साध्या काचपट्टीवर पांढऱ्या पेशींत मोठाले दाणे दिसतात. ग्रिसेलीत ते दाणे नसतात. म्हणजे एक केस आणि रक्ताचा एक थेंब, तालुक्याच्या प्रयोगशाळेतही निम्मी वाट दाखवतात. पक्कं निदान जनुक तपासणीनंच होतं, पण तिथवर लवकर पोचणं या पोरांसाठी सगळ्यात मोलाचं असतं. चंदेरी केस आणि न हटणारा ताप एकत्र दिसले तर केस तपासायला सांगा. एवढं एक वाक्य लक्षात राहिलं तरी मला पुरे.

कन्झर्व्हड डोमेनवर घाव घालणारा सगळ्यांच्या ओळखीचा शत्रू म्हणजे धनुर्वात. ऊसतोडीच्या फडात कोयता पायाला लागला की मुकादमही आधी विचारतो, "टी.टी. घेतलंय का?" त्या इंजेक्शनमागं काय आहे ते बघा. पिशवी पटलात मिसळताना स्नेअर नावाची प्रथिनं कामाला येतात. पिशवीवरच्या एका प्रथिनाची एक आणि समोरच्या पटलावरच्या दोन प्रथिनांच्या तीन, अशा चार लांब पट्ट्या एकमेकींना पीळ घालतात, दोर वळावा तशा, आणि दोन्ही पटलं एकमेकांवर दाबतात. या पिळाच्या बरोबर मध्यावर तीन पट्ट्यांतून एकेक ग्लुटामिन आणि चौथीतून एक आर्जिनिन असे चार मणी समोरासमोर येतात. यीस्टपासून माणसापर्यंत ही मधली गाठ जवळपास तशीच.

धनुर्वाताच्या जंतूचं विष म्हणजे कात्री असते. चेतातंतूतून वर चढत ते मेरुरज्जूत पोचतं आणि पिशवीवरच्या व्हॅम्प नावाच्या स्नेअरला एकाच ठिकाणी कापतं: 76 वं ग्लुटामिन आणि 77 वं फिनिलॲलानिन यांच्या मधे. स्नायूंना 'आता सैल हो' सांगणाऱ्या पेशींचा माल अडकतो आणि अंग धनुष्यासारखं ताणतं. हे 1992 मध्ये उलगडलं. गंमत अशी की घुशी-उंदरांच्या कुळातल्या मोठ्या उंदरात व्हॅम्पचा एक प्रकार असा आहे की त्यात त्या 76 व्या जागी ग्लुटामिनऐवजी व्हॅलिन असतं. तिथं कात्री चालत नाही. एका मण्याचा फरक.

जंतूनं अशी जागा निवडली जी आपल्याला हवी तेव्हा बदलता येत नाही. म्हणून लसच घ्यावी लागते. ती विषाला पेशीत शिरण्याआधीच गाठते. लसीकरण आणि दवाखान्यातली बाळंतपणं वाढली म्हणून 2015 मध्ये भारतातून माता आणि नवजात बाळांचा धनुर्वात सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून हटल्याचं जाहीर झालं. माझ्या आजीनं आपलं एक बाळ 'आठव्या दिवशी आकडी येऊन' गमावलं होतं. तेव्हा त्याला करणी म्हणत.

कोलेस्टेरॉलचंही थोडक्यात सांगतो. रक्तातलं कोलेस्टेरॉल पेशीत ओढून घेणारं एक प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर असतं. त्याच्या आतल्या शेपटीवर चार मण्यांची छोटी खूण असते; ती वाचूनच पेशी त्याला पिशवीत घेते. ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना या शोधांसाठी 1985 चं नोबेल मिळालं. त्यांच्या एका रुग्णात ते प्रथिन होतं, कोलेस्टेरॉल पकडतही होतं, पण खुणेतला टायरोसिन हा मणी बदलल्यानं ते आत जात नव्हतं, दारातच उभं. घरात तिशी-चाळिशीत हृदयविकाराच्या झटक्यानं माणसं गेली असतील तर हे तपासून घेण्यासारखं आहे. यावर औषधं आहेत आणि ती काम करतात.

आता पुन्हा रिपोर्टकडं. जनुक तपासणीत प्रत्येकात ढिगानं बदल सापडतात, माझ्यात सापडतील, तुमच्यात सापडतील. त्यातला कुठला वाईट हे ठरवताना तज्ज्ञ बऱ्याच गोष्टी बघतात आणि त्यातला एक मोठा प्रश्न हाच: बदल पिनेच्या भोकात आहे की मडगार्डच्या रंगात? यीस्ट, माशी, मासा, उंदीर, माणूस यांच्या माळा एकाखाली एक मांडायच्या आणि तो मणी सगळ्यांत सारखा आहे का बघायचा. सारखा असेल तर संशय बळावतो. नुसत्या तेवढ्यावर निकाल देत नाहीत. म्हणून काही रिपोर्टांत 'महत्त्व अनिश्चित' असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ आजार आहे असा नाही आणि नाही असाही नाही. अशा ओळीवरून कुणी गर्भपाताचा किंवा लग्न मोडायचा सल्ला देत असेल तर आधी जनुकतज्ज्ञाला भेटा.

तिनं शेवटी जे विचारलं ते मला अपेक्षित होतं. "सासरी म्हणतात, दोष माझ्या पोटातला."

तिचं सासर म्हणजे तिच्या आत्याचं घर. सासूला ती आजही आत्याच म्हणते. आपल्या सांगली-साताऱ्याकडं मामाची मुलगी आणि आत्याचा मुलगा हे लग्न पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, आणि त्यातली बहुतेक घरं निरोगी मुलाबाळांनी भरलेली आहेत. पण आजा-आजीपैकी एकाकडं एका प्रतीत अशी चूक असेल तर ती मुलाकडून आणि मुलीकडून, दोन वाटांनी खाली येऊ शकते. एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी काम निभावते, म्हणून वाहकाला काहीच कळत नाही. नवराबायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळण्याची शक्यता 25 टक्के. तिनं एक प्रत दिली, नवऱ्यानंही एकच दिली. हे मी तिच्या नवऱ्याला फोनवर घेऊन पुन्हा सांगितलं, आणि आत्यांनाही. त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्यातूनबी आलं असंल." हो आत्या, तुमच्यातून आणि तुमच्या भावातून, दोघांतून. दोघांपैकी कुणाचाही गुन्हा नाही.

असले सगळेच आजार नात्यातल्या लग्नानं होतात असंही नाही. स्नेअरांना मदत करणाऱ्या एका प्रथिनाच्या जनुकात, एसटीएक्सबीपी1 मध्ये, अचानक नवीन चूक होऊन तान्ह्या बाळांना झटके येतात. तिथं आईबापांत बहुधा काहीच सापडत नाही.

मुलावर उपचार सुरू आहेत. आधी औषधांनी खवळलेल्या पेशी शांत करायच्या, मग अस्थिमज्जा बदलायची. नवीन मज्जेतून निरोगी रॅब-27ए असलेल्या मारक पेशी येतात. केस चंदेरीच राहतील, कारण रंगाच्या पेशी मज्जेतून येत नाहीत. सख्ख्या बहीण-भावाची मज्जा जुळण्याची शक्यता चारात एक. त्याची बहीण पाच वर्षांची आहे, केस काळेभोर. ती वाहक निघाली तरी देऊ शकते. तिचा नमुना गेलाय.

आणि अजून दोन नमुने गेलेत. विद्यार्थिनीच्या धाकट्या भावाचं तिच्याच नणंदेशी ठरलंय, साटंलोटं. भाऊ वाहक असण्याची शक्यता निम्मी, नणंदेचीही निम्मी, आणि दोघंही असतील तर पुन्हा तेच 25 टक्के. आज चाचणीशिवाय हिशोब केला तर सोळात एक. पण हिशोबावर थांबायची गरज नाही. बदल नेमका कुठल्या मण्यात आहे ते आता माहीत आहे, तेवढीच एक जागा वाचायची आहे. सुपारी फुटलीय, तारीख काढलेली नाही. आत्यांनीच सांगितलंय, रिपोर्ट येऊ दे, मग भटजींकडं जाऊ.